खारट पाण्यावर चारा : पीक निवडण्याआधी परीक्षा घ्यावी



विहीर सवळ निघाली की शेतकरी एकेक पीक सोडत जातो. आधी भाजी जाते, मग हरभरा, मग ऊस. शेवटी कोणी तरी सल्ला देतो, "आता गवत लावा, दोन म्हशी पाळा, दुधावर संसार चालेल." सल्ला वाईट नाही. पण कोणते गवत? बियाणे विकणारा म्हणतो, सगळेच चालते. शेजारी म्हणतो, काहीच चालत नाही. दोघांनीही मोजून पाहिलेले नसते. घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णा या नद्यांच्या पाटाखाली आपल्या सीमाभागातील काळ्या जमिनीत पाणी जसजसे मुरत गेले, तसतसे हे प्रश्न घरोघरी आले आहेत. म्हणून या पाठात तीन गोष्टी पाहू. खारट पाण्यावर चाऱ्याच्या पिकांची परीक्षा शास्त्रज्ञ कशी घेतात, त्यातून काय निघाले आणि तीच परीक्षा आपल्या दोन गुंठ्यांत कशी घ्यावी.

१. पाण्यातील मिठाचे माप

पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी त्यातून वीज सहज वाहते. म्हणून प्रयोगशाळेत पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. तिचे माप डेसीसिमेन्स प्रति मीटर. जुन्या तक्त्यांत मिलिम्हो प्रति सेंटिमीटर लिहिलेले असे. दोन्हींचा आकडा एकच. एक डेसीसिमेन्स म्हणजे लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. चांगल्या नदीचे पाणी एकच्या खाली असते, तर समुद्राचे पन्नाशीच्या आसपास.

आकडा लहान दिसतो, पण हिशेब मोठा आहे. समजा विहिरीच्या पाण्याची वाहकता ४ आहे. लिटरमागे अडीच ग्रॅम मीठ झाले. एका एकरात दोन इंच पाणी दिले तर सुमारे दोन लाख लिटर पाणी जाते, आणि त्याबरोबर सुमारे पाच क्विंटल मीठ. अशा दहा पाळ्यांत पन्नास क्विंटल! पीक पाणी पिते, ऊन पाणी उडवते, मीठ मात्र जागीच राहते. ते खाली धुऊन गेले नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुळांना त्याच्याशी झगडावे लागते.

पाणी तपासताना केवळ वाहकता विचारू नये. सोडियम किती आणि उरलेला सोडियम कार्बोनेट किती, हेही विचारावे. हा दुसरा आकडा अडीचच्या वर गेला तर ते पाणी काळ्या जमिनीची घडण मोडते. जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. अशा ठिकाणी आधी जिप्समचा सल्ला घ्यावा, गवताचा नंतर.

२. पीक कशाने हरते

मिठाच्या पाण्यात मुळाला पाणी ओढणे जड जाते. समोर ओल असूनही रोप तहानलेले राहते. वाढ खुंटते, पान लहान व गडद होते. हा पहिला मार. दुसरा मार सोडियम व क्लोराइड पानात साठल्याचा, तेव्हा पानाच्या कडा करपतात. काही गवते हे मीठ मुळातच अडवतात, काही ते पानावरील ग्रंथींतून बाहेर टाकतात. म्हणून एकाच विहिरीवर एक पीक तगते आणि दुसरे मरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठेपणी दणकट असलेले पीक बालपणीही दणकट असेलच असे नाही. जव (सातू) वाढल्यावर पुष्कळ मीठ सोसतो, पण उगवतानाचे कोवळे रोप तितके सोसत नाही. म्हणून उगवणीची परीक्षा वेगळी आणि वाढीची वेगळी.

३. रिव्हरसाइडची परीक्षा

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड या गावी सरकारी क्षार-संशोधन प्रयोगशाळा १९३०च्या दशकात सुरू झाली. खारवट व चोपण जमिनी ओळखण्याचे तिचे मार्गदर्शक पुस्तक १९५४ मध्ये निघाले. आपल्याकडील माती-परीक्षणाच्या पुष्कळ मर्यादा त्यावरूनच घेतल्या आहेत.

त्याच राज्यात सॅन वाकीन नावाचे मोठे बागायती खोरे आहे. त्याच्या पश्चिम भागात जमिनीखाली चिकणमातीचा थर आहे. पाटाचे पाणी खाली जाईना, क्षार वर येऊ लागले. म्हणून निचऱ्याचे खारे पाणी कालव्याने केस्टरसन येथील तळ्यांत सोडण्यात आले. १९८३ मध्ये तेथे पाणपक्ष्यांच्या पिलांत व्यंगे आढळली. त्या मातीतील सेलेनियम नावाचे द्रव्य निचऱ्याबरोबर वाहत येऊन तळ्यात साठले होते. १९८६ मध्ये तेथे पाणी सोडणे बंद झाले. मग प्रश्न उभा राहिला, हे पाणी न्यावे कोठे?

त्यातून एक विचार पुढे आला. चांगले पाणी आधी नाजूक पिकांना द्यावे. त्यांचा निचरा गोळा करून अधिक सोशिक चाऱ्याला द्यावा. त्याचाही निचरा उरला तर तो केवळ खाऱ्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींना द्यावा. पाणी दरवेळी कमी होते आणि मीठ एका कोपऱ्यात आटोक्यात राहते. पण यासाठी सोशिक चारा कोणता, हे आधी कळायला हवे. म्हणून दहा प्रकारचा चारा परीक्षेला बसवला. त्यात लसूणघासाचे दोन वाण होते, शिवाय बर्म्युडा गवत, किकुयू, पास्पालम, टॉल व्हीटग्रास वगैरे. या कामाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

परीक्षेची रीत अशी. मोठ्या हौदांत वाळू भरली. रोपे रुजल्यावर पाण्यात मीठ पायरीपायरीने वाढवले, म्हणजे अचानक धक्का बसू नये. काही हौदांना १५ डेसीसिमेन्सचे पाणी, काहींना २५ चे. मीठही बाजारचे नव्हे, तर त्या खोऱ्याच्या निचऱ्यात असते तसे, सोडियम सल्फेट अधिक असलेले. पाणी वाळूतून निथळून पुन्हा टाकीत येई, म्हणून मुळाशी मिठाची पातळी कायम राही. चारा पुनःपुन्हा कापून वजन केले, वाळवून पुन्हा वजन केले, आणि त्यातील खनिजे व पोषणही तपासले.

निष्कर्ष काय? २५ वर उत्पन्न १५ पेक्षा घटले, पण सगळ्यांचे सारखे घटले नाही. जातीजातींत मोठा फरक निघाला. आणि नुसते वजन पाहून निवड करता येत नाही, जनावराच्या पोटात काय जाते हेही पाहावे लागते, हे स्पष्ट झाले.

४. तक्ता आणि हिशेब

१९७७ मध्ये मास व हॉफमन या दोघा शास्त्रज्ञांनी जगभरच्या चाचण्या एकत्र करून एक सोपा नियम मांडला. प्रत्येक पिकाला एक उंबरठा असतो. मातीतील मीठ उंबरठ्याच्या आत असेपर्यंत उत्पन्न घटत नाही. उंबरठा ओलांडला की दर डेसीसिमेन्सला ठरावीक टक्क्यांनी घटते. चाऱ्याच्या काही पिकांचे आकडे असे आहेत. पहिला आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा उंबरठा, दुसरा त्यापुढील घट.

बरसीम : १.५, ५.७ टक्के
मका (हिरवा चारा) : १.८, ७.४ टक्के
लसूणघास : २.०, ७.३ टक्के
चवळी (चारा) : २.५, ११ टक्के
सुदान गवत : २.८, ४.३ टक्के
जव (चारा) : ६.०, ७.१ टक्के
बर्म्युडा गवत : ६.९, ६.४ टक्के
टॉल व्हीटग्रास : ७.५, ४.२ टक्के

हे आकडे मातीचे आहेत, पाण्याचे नव्हेत. निचरा बरा असेल आणि थोडे जादा पाणी खाली झिरपत असेल, तर मातीचा आकडा पाण्याच्या दीडपट धरतात. म्हणजे ४ चे पाणी नेहमी दिले तर माती ६ वर जाते. आता हिशेब करा. लसूणघासाचा उंबरठा २. सहातून दोन गेले, उरले ४. चार गुणिले ७.३ म्हणजे सुमारे २९ टक्के घट, उत्पन्न ७१ टक्के. मक्याचे ६९, चवळीचे ६१ ते ६२, सुदान गवताचे ८६. जव व बर्म्युडा गवत पूर्ण शंभर.

बरसीम पाहा. त्याचा उंबरठा लसूणघासापेक्षा खाली, म्हणजे ते अधिक नाजूक वाटते. पण त्याची घट सावकाश आहे. मातीचा आकडा ६ असता बरसीम ७४ टक्क्यांवर राहते, लसूणघासाच्याही वर. तेव्हा नुसता उंबरठा पाहून "हे सोशिक, ते नाजूक" असे ठरवू नये. आपले पाणी कोणत्या आकड्यावर आहे, तेथे कोण उभे राहते, हे पाहावे.

आणि हे बर्म्युडा गवत कोण? आपली हरळीच! जिला आपण कुदळीने खणून बांधावर फेकतो, तिचीच सुधारलेली भावंडे तिकडे कुरणात लावतात. अर्थात हरळी उसात किंवा ज्वारीत शिरली तर पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. लावायची तर वेगळ्या, बांध घातलेल्या तुकड्यातच.

५. टक्के पाहावे की टोपली?

येथे पुष्कळांची फसगत होते. तक्त्यातील टक्के हे त्या पिकाच्या स्वतःच्या गोड्या पाण्यावरील उत्पन्नाशी तुलना करतात. एखादे सोशिक गवत शंभर टक्के उभे राहील, पण मुळात त्याचे उत्पन्नच थोडे असेल. दुसरे जोमदार पीक सत्तर टक्क्यांवर येऊनही अधिक भारे देईल, आणि त्यात प्रथिनेही जास्त असतील. गोठ्यात टक्के टाकता येत नाहीत, चारा टाकावा लागतो. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. सोसते कोण? आणि या पाण्यावर सर्वांत अधिक पोषण देते कोण? पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांना हवे असते. दुसऱ्याचे आपल्याला.

६. वाळूची परीक्षा आणि आपली काळी जमीन

रिव्हरसाइडचा आकडा उचलून सरळ आपल्या शेताला लावता येणार नाही. वाळूतून पाणी भराभर निथळते, मुळांना हवा मिळते. आपल्या चिकण काळ्या मातीत पाणी तुंबते, मीठ साठते आणि मूळ गुदमरते. मिठाचा मार व पाणथळीचा मार एकत्र बसला की सोशिक पीकही लवकर हरते. या बाजूने आपली परीक्षा अधिक कठीण.

दुसऱ्या बाजूने आपल्याला पावसाळा आहे. तिकडील हौदात मीठ कायम एकाच पातळीवर होते. आपल्याकडे जूननंतरचे पाणी वरच्या थरातील पुष्कळ मीठ धुऊन नेते, मात्र चर मोकळे असतील तरच. शिवाय टॉल व्हीटग्रास थंड हवेचे गवत आहे. आपल्या उन्हात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे गजराज, पॅरा गवत, कडवळ, शेवरी यांची परीक्षा घेणे अधिक उपयोगी. जमीन चोपण असेल तर कर्नाल गवताचाही विचार करावा. हरियाणातील कर्नाल येथे १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे आणि चोपण जमिनीत हे गवत तगते हे तेथे दिसून आले आहे. आपल्या बाजूला गंगावती व इंदूर येथेही खाऱ्या जमिनी व पाण्यावरील संशोधनाची केंद्रे आहेत.

७. दोन गुंठ्यांतील चाचणी

यासाठी मोठा खर्च नको. काटा, दोरी, वही आणि चिकाटी पुरे.

पहिली गोष्ट, उगवण. प्रत्येक बियाण्याचे शंभर दाणे दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर ठेवावेत. एकीला पावसाचे किंवा गोडे पाणी, दुसरीला विहिरीचे. ताटल्या झाकाव्यात, नाही तर पाणी उडून मीठ वाढते आणि परीक्षा खोटी ठरते. आठ-दहा दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत. विहिरीच्या पाण्यात उगवण बरीच कमी दिसली तर पेरणी पावसावर करावी, किंवा पहिल्या दोन पाळ्या गोड्या पाण्याच्या द्याव्यात.

दुसरी गोष्ट, वाफे. चार पिके निवडावीत. तीन मीटर लांब-रुंद असे सोळा वाफे पाडावेत, प्रत्येक पिकाला चार. कोणते पीक कोठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. असे का? शेताचा एक कोपरा नेहमीच अधिक खारा असतो. आवडते पीक आपण नकळत चांगल्या कोपऱ्यात घालतो आणि मग त्याचीच वाहवा करतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

तिसरी गोष्ट, पाणी. सर्व वाफ्यांना सारखेच द्यावे, सरीने किंवा वाफ्याने. खारे पाणी तुषाराने पानावर उडवू नये, पाने करपतात. गोडे पाणी थोडे मिळत असेल तर प्रत्येक पिकाच्या चारपैकी दोन वाफ्यांना तेच द्यावे, म्हणजे घट किती ते कळेल. नसेल तरी चालेल; चौघांत सरस कोण, एवढे तरी कळेलच.

चौथी गोष्ट, वजन. कडेचा अर्धा मीटर सोडून मधला दोन मीटर बाय दोन मीटर भागच कापावा. या चौकटीत एक किलो आला तर एकरी सुमारे दहा क्विंटल असा हिशेब धरावा. त्यातील अर्धा किलो बारीक करून वजन स्थिर होईपर्यंत उन्हात वाळवावा. हे टाळू नये. समजा पहिल्या चाऱ्याचे बारा किलो आले, पण वाळल्यावर शंभरात अठराच उरतात. तर कोरडा चारा २.१६ किलो. दुसऱ्याचे दहाच किलो आले, पण शंभरात पंचवीस उरतात. तर अडीच किलो. ओला भारा पहिल्याचा मोठा, पोट भरते दुसऱ्याने.

पाचवी गोष्ट, माती. सुरुवातीला, मे-अखेरीस आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्ये नमुने घ्यावेत. एक वीतभर खोलीचा, एक हातभर खोलीचा. प्रयोगशाळेला जरूर विचारावे की आकडा संपृक्त अर्काचा आहे की माती पाण्यात कालवून काढलेला. आपल्याकडे बहुधा दुसरी रीत असते आणि तिचा आकडा बराच कमी येतो. तो वरील तक्त्याशी ताडला तर खारी जमीनही गोड वाटेल.

चाचणी निदान एक वर्ष चालवावी, दोन वर्षे उत्तम. पहिली कापणी सगळ्यांचीच चांगली येते. खरा निकाल मेच्या कापणीत आणि दुसऱ्या वर्षी लागतो. ऑक्टोबरचा मातीचा आकडा मागल्या ऑक्टोबरपेक्षा चढलेला दिसला, तर चारा कितीही हिरवा असो, जमीन कर्जात चालली आहे असे समजावे. तेव्हा आधी चर खोदावा, निचरा करावा. सोशिक गवत आपल्याला वेळ मिळवून देते, निचऱ्याची जागा घेत नाही.

धर्मग्रामातील चार घरांनी मिळून हे केले तर आणखी बरे. प्रत्येक घरी चारही पिकांचा एकेक वाफा, वही एक, काटा एक. चार शेतांत जे पीक पुढे राहील, त्याच्यावर एका शेतातल्या विजेत्यापेक्षा अधिक भरवसा ठेवता येतो. मात्र चार विहिरींचे पाणी आधी तपासून लिहून ठेवावे.

८. जनावरांचे आणि घरचे आरोग्य

खाऱ्या पाण्यावरचा चारा खाणाऱ्या जनावराला तहान अधिक लागते. त्याला पिण्याचे पाणीही खारेच दिले तर दुप्पट भार होतो. पिण्याच्या पाण्याची वाहकता ५ पर्यंत असेल तर गुरांना चालते, मात्र नवीन जनावराला काही दिवस हगवण लागू शकते. ५ ते ८ पर्यंत गुरे सांभाळून घेतात, पण कोंबड्यांना ते देऊ नये. ८ च्या वर गाभण व दुभत्या जनावरांना धोका असतो. एक विहीर चाऱ्याला आणि घरचा हौद जनावराला, अशी वाटणी जमेल तर करावी.

पाण्यात सल्फेट अधिक असेल तर चाऱ्यात गंधक वाढते. जास्त गंधकामुळे रवंथ करणाऱ्या जनावराच्या अंगी तांबे लागत नाही आणि फार झाल्यास मेंदूचा विकारही होतो. जनावराची कांती उतरली, केसांचा रंग फिका पडला, ते अडखळू लागले, तर डॉक्टरांना चारा व पाणी दोन्हींबद्दल सांगावे. कोवळी, ताणात वाढलेली ज्वारी विषारी असते हे आपण जाणताच. खारे पाणीही पिकाला ताणच देते, म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय चारू नये. नवा चारा जुन्यात मिसळून आठवडाभरात हळूहळू वाढवावा.

राहिले घर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे ३ डेसीसिमेन्सच्या वरची विहीर माणसासाठी नाही, मग गवत त्यावर कितीही डोलो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर विशेष जपावे. शेताच्या विहिरीत खताचे नायट्रेटही उतरते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत अधिक. पाणी उकळल्याने क्षार व नायट्रेट जात नाहीत, उलट दाट होतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या विहिरीची वाहकता किती? माहीत नसेल तर नमुना केव्हा नेणार?
२. पाण्याचा आकडा ३ असेल तर मातीचा अंदाजे किती होईल, आणि लसूणघासाचे उत्पन्न किती टक्के राहील? (उत्तर : मातीचा ४.५; उत्पन्न सुमारे ८२ टक्के.)
३. वाफ्यांची जागा चिठ्ठी टाकून का ठरवावी?
४. मे महिन्यात हिरवेगार दिसणारे गवत जमिनीचे नुकसान करत आहे की नाही, हे कशावरून ओळखाल?

या चारांची उत्तरे घरी बसून द्यावीत. पहिल्याचे मात्र बाटली धुऊन, विहीर थोडा वेळ उपसून, त्यानंतरच्या पाण्याने द्यावे.